पाणलोटातील लहान धरणे आणि पुराची जोखीम

धरणफुटीच्या इतिहासात महाराष्ट्राने 12 जुलै 1961 या दिवसाची नोंद ठळकपणे ठेवली आहे. त्या दिवशी आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले, त्याचे पाणी खाली येऊन खडकवासला धरणही फुटले आणि मुठेच्या काठचे पुणे पाण्याखाली गेले. या दुर्घटनेविषयी पुष्कळ लिहिले गेले असले, तरी तिच्यातील एका गोष्टीला मिळायला हवे होते तेवढे महत्त्व मिळालेले नाही. 1879 सालापासून उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरण पावसाने आणलेल्या पुराने फुटले नव्हते. त्याच्या वर बांधलेल्या दुसऱ्या धरणातील पाणी एकाएकी अंगावर आल्याने ते फुटले. म्हणजे खडकवासल्याची जोखीम त्या धरणाच्या भिंतीइतकीच वरच्या खोऱ्यात काय चालले आहे यावर अवलंबून होती. हेच सूत्र आज महाराष्ट्राच्या ओढ्यानाल्यांवर पसरलेल्या हजारो लहान तलावांना आणि बंधाऱ्यांना लागू आहे, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभाही तोच आहे.

प्रारंभी संज्ञांचा उलगडा आवश्यक आहे. एखाद्या ठिकाणाच्या वरच्या अंगाला पडलेला पाऊस उताराने वाहत ज्या एकाच वाटेने त्या ठिकाणाहून बाहेर पडतो, त्या साऱ्या भूभागाला त्या ठिकाणाचे पाणलोट क्षेत्र म्हणतात. मोठ्या नदीचे पाणलोट हजारो चौरस किलोमीटरचे असते, तर गावतलावाचे दोन-चार चौरस किलोमीटरचेही असू शकते. लहान धरण या शब्दाची व्याप्ती मात्र एका वाक्यात बांधता येत नाही, कारण पाझर तलाव, साठवण तलाव, गावतलाव, मातीनाला बांध, सिमेंट नाला बांध, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि लघु पाटबंधाऱ्यांची मातीची धरणे या सर्वांचा समावेश बोलीभाषेत त्यात होतो. जोखीम ही संज्ञा येथे दोन गोष्टींच्या एकत्रित मापासाठी वापरली आहे: धरण निकामी होण्याची शक्यता किती, आणि ते निकामी झाल्यास खालच्या माणसांचे, घरांचे, शेतीचे नुकसान किती. या दोहोंपैकी एकच बाजू तपासून काढलेला निष्कर्ष अर्धवट असतो.

नुकसानीची बाजू दुर्लक्षिली गेल्यास काय होते, याचा दाखला चिपळूण तालुक्यातील तिवरे गावाने दिला. 2 जुलै 2019 च्या रात्री वाशिष्ठीच्या खोऱ्यातील तिवरे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसे त्या लोंढ्यात सापडली. या धरणाची साठवण जेमतेम अडीच दशलक्ष घनमीटरच्या आसपास, म्हणजे कोयनेच्या साठ्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी होती. धरण गळत असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. लघु पाटबंधारे हा शब्द सिंचनाच्या हिशोबातला आहे, त्याचा अर्थ भिजणारे क्षेत्र थोडे एवढाच होतो. भेंदवाडीतल्या घरांच्या दृष्टीने त्या धरणात लहान असे काहीही नव्हते.

धरणांचे वर्गीकरण प्रामुख्याने उंची आणि साठवण या दोन मापांवर होते. सांडव्याची क्षमता ठरवण्यासाठी भारतीय मानक 11223 हे 1985 सालचे मार्गदर्शक मानक वापरले जाते. त्यानुसार 0.5 ते 10 दशलक्ष घनमीटर साठवणीची आणि 7.5 ते 12 मीटर जलशीर्षाची, म्हणजे धरणामुळे अडलेल्या पाण्याची पातळी व खालच्या अंगाच्या पाण्याची पातळी यांत तेवढे अंतर असलेली, धरणे लहान मानली जातात आणि त्यांच्यासाठी शंभर वर्षांच्या पुनरावर्तनाचा पूर गृहीत धरला जातो. मध्यम धरणांसाठी प्रमाण पूर, म्हणजे त्या प्रदेशात वाजवीपणे संभवणारा तीव्र पूर, आणि मोठ्या धरणांसाठी संभाव्य महत्तम पूर, म्हणजे त्या भागातील हवामानात घडू शकेल असा कमाल पूर, धरावा लागतो. साठवण आणि शीर्ष यांपैकी ज्या मापाने धरण वरच्या वर्गात जाते ते माप ग्राह्य धरायचे असते. खालच्या वस्तीमुळे धोका अधिक असेल तर अधिक मोठा पूर धरण्याची मुभाही हे मानक देते. प्रत्यक्षात ही मुभा वापरायची तर वस्ती कोठे आहे हे माहीत असावे लागते, आणि धरण बांधताना ओसाड असलेल्या ओढ्याच्या काठी तीस वर्षांनी वाडी, शाळा किंवा मंगल कार्यालय उभे राहिले तर त्याची नोंद धरणाच्या फाइलीत आपोआप होत नाही.

शंभर वर्षांचा पूर या संज्ञेने फार गैरसमज झाला आहे. तो शंभर वर्षांतून एकदा येऊन मग शतकभर रजा घेणारा पूर नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक असते, मग तो गेल्या वर्षी येऊन गेलेला असो वा नसो. या हिशोबाने पन्नास वर्षे उभ्या राहणाऱ्या तलावाला असा किंवा याहून मोठा पूर एकदा तरी गाठण्याची शक्यता सुमारे 39 टक्के भरते. एखाद्या जिल्ह्यात असे शेकडो तलाव असतील तर त्यांतील कोणत्या ना कोणत्या तलावावर दर एक-दोन पावसाळ्यांत संकल्पित पुराहून मोठा पूर येणे ही अपवादाची गोष्ट राहत नाही. एका तलावाच्या अभियंत्याला दुर्मीळ वाटणारी घटना जिल्हाधिकाऱ्याच्या दृष्टीने नेहमीची असते, आणि आपत्ती व्यवस्थापनाची यंत्रणा या दुसऱ्या हिशोबावर उभी राहिली पाहिजे.

पूर किती येईल हा प्रश्न लहान पाणलोटात मोठ्या पाणलोटापेक्षा अवघड असतो. मोठ्या नद्यांवर विसर्ग मोजण्याची केंद्रे असतात. पाच चौरस किलोमीटरच्या ओढ्यावर असे केंद्र जवळजवळ कधीच नसते. केंद्रीय जल आयोगाने भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या साहाय्याने देशाचे 26 उपविभाग पाडून पूर अंदाजाचे अहवाल तयार केले, पण त्यांतील सूत्रे साधारणतः 25 चौरस किलोमीटरहून मोठ्या पाणलोटांसाठी बसवलेली आहेत, आणि लहान तलावांचा मोठा हिस्सा या मर्यादेच्या आत येतो. त्यामुळे अभियंते साध्या सूत्रांकडे वळतात. त्यांतील एक परिमेय पद्धत होय, जिच्यात पावसाची तीव्रता, पाणलोटाचे क्षेत्र आणि पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा अंश, म्हणजे अपधाव गुणांक, यांचा गुणाकार केला जातो. पाच चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर ताशी 60 मिलिमीटर तीव्रतेचा पाऊस आणि 0.7 गुणांक धरला तर पुराचा कमाल विसर्ग सुमारे 58 घनमीटर प्रतिसेकंद येतो. जुन्या मुंबई इलाख्यातील पंखाच्या आकाराच्या पाणलोटांसाठी क्लॉड इंग्लिस यांनी बसवलेले सूत्र त्याच क्षेत्राला लावले तर उत्तर सुमारे 158 घनमीटर येते. एका उत्तराच्या जवळजवळ तिप्पट दुसरे उत्तर, आणि दोन्ही पद्धती पाठ्यपुस्तकात मान्य. यांपैकी कोणते घ्यायचे हे ठरवताना पाणलोटाचा उतार, आकार, माती, झाडोरा आणि सह्याद्रीपासूनचे अंतर यांचा विचार करावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा फरक अहवालात झाकून न ठेवता मांडावा लागतो. एकच आकडा देणारा अहवाल वाचकाला नसलेली खात्री देतो.

अंदाज कमी पडल्याची किंमत मोठ्या धरणांनाही चुकवावी लागली आहे. 11 ऑगस्ट 1979 रोजी गुजरातमधील मच्छू-2 धरणावर संकल्पित पुराच्या दुपटीहून अधिक पाणी आले, मातीचे बांध ओलांडून ते वाहिले आणि खालचे मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. जेथे शासनाचे लक्ष होते, अभियंते हजर होते, दरवाजे होते, तेथे ही स्थिती झाली, तर ज्या तलावावर पावसाळ्यात एकही कर्मचारी फिरकत नाही त्याची कल्पना करता येते.

लहान मातीच्या धरणाचा जीव सांडव्यात असतो. सांडवा म्हणजे तलाव पूर्ण भरल्यावर जादा पाणी सुरक्षितपणे बाजूने निघून जाण्यासाठी ठेवलेली वाट. दगडी भिंतीवरून काही काळ पाणी वाहिले तर ती तग धरू शकते. मातीच्या भिंतीचा माथा ओलांडून पाणी वाहू लागले की उताराची माती खरवडली जाते, ओघळ खोल होत माथ्यापर्यंत पोहोचते आणि थोड्याच वेळात खिंडार पडते. म्हणून पूर्ण संचय पातळी आणि धरणमाथा यांच्यामध्ये काही उंची मोकळी ठेवलेली असते. पूर जाताना पाणी तिचा काही भाग व्यापते आणि उरलेला भाग लाटांसाठी व अनपेक्षितासाठी राखलेला असतो. सांडव्यावरून जाणारा विसर्ग हा त्यावरील पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतो. 30 मीटर लांबीच्या रुंदमाथा सांडव्यावरून दीड मीटर उंचीचे पाणी जात असेल तर विसर्ग साधारण 94 घनमीटर प्रतिसेकंद असतो. उंची एक मीटर असेल तर तो 51 वर येतो. आता एखाद्या टंचाईच्या वर्षी थोडे पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर उंचीची वाळूच्या पोत्यांची किंवा विटांची रांग रचली गेली, तर माथा न वाढवता सांडव्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर आणली गेली असा त्याचा अर्थ होतो. असे करणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यापुढे उन्हाळ्यातली कोरडी विहीर असते आणि हा हिशोब त्याला कोणी सांगितलेला नसतो. पाहणीसाठी गेलेल्या अभियंत्याने सर्वप्रथम सांडव्याची आजची लांबी, त्याचा तलांक आणि त्याच्या पुढचा चर मोजावा, कारण चरात वाढलेली बाभळीची झुडपे, त्यावर काढलेला शेतरस्ता किंवा अतिक्रमण यांनी क्षमता घटते, आणि चराचा तळ खरवडत मागे सरकत आला तर सांडवाच उखडला जातो.

माथ्यावरून पाणी न जाताही धरण फुटू शकते. भिंतीतून किंवा पायातून झिरपणारे पाणी मातीचे बारीक कण सोबत नेऊ लागले की आत नळीसारखी पोकळी तयार होते आणि ती मागे मागे वाढत जाते. झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर ते सहसा तेवढे चिंतेचे नसते. गढूळ येऊ लागले तर मात्र तास मोजायची वेळ आलेली असते. हा फरक गावातला कोणीही डोळ्यांनी ओळखू शकतो. या दृष्टीने कोकण आणि देशावरील धरणांच्या अडचणी वेगवेगळ्या आहेत. कोकणात उतार तीव्र, जांभ्याचा पाया सच्छिद्र आणि पाऊस दरवर्षी खात्रीचा, त्यामुळे तलाव दरवर्षी भरतो आणि त्याची परीक्षाही दरवर्षी होते. अवर्षणप्रवण भागात तलाव अनेक वर्षे अर्धा किंवा कोरडा राहतो, गाभ्यातील काळी माती सुकून भेगाळते, उंदीर-घुशींची बिळे आणि झाडांची मुळे भिंतीत शिरतात, आणि मग एखाद्या परतीच्या पावसात तो एका रात्रीत तुडुंब भरतो. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून राज्यात फार मोठ्या संख्येने पाझर तलाव झाले. त्या कामांनी माणसे जगवली, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. तथापि मातीच्या भरावाला थराथराने योग्य ओल देऊन दबाई करावी लागते, आणि पिण्यालाच पाणी नसलेल्या वर्षी ती ओल सर्वत्र मिळाली असेल असे मानणे धाडसाचे आहे. हे तलाव आता पन्नाशीत आले असून कोरड्या वर्षांमागून येणारा पहिला पूर्ण जलसाठा हा त्यांच्यासाठी सर्वांत कसोटीचा काळ आहे.

आता साखळीकडे वळता येईल. एका नाल्यावर खालीवर चार तलाव असतील तर चौथ्याची सुरक्षितता पहिल्या तिघांवर अवलंबून असते. अर्धा दशलक्ष घनमीटर पाणी आणि आठ मीटर खोली असलेला मातीचा तलाव फुटल्यास कमाल विसर्ग किती होईल, याचा अंदाज डेव्हिड फ्रोलिक यांनी प्रत्यक्ष धरणफुटींच्या नोंदींवरून 1995 मध्ये बसवलेल्या सूत्राने केला, तर तो सुमारे 380 घनमीटर प्रतिसेकंद येतो. वर उल्लेखिलेल्या पाच चौरस किलोमीटरच्या पाणलोटाचा नैसर्गिक पूर 58 धरा वा 158 धरा, फुटीचा लोंढा त्याच्या दुपटीहून अधिक आहे. खालच्या तलावाचा सांडवा नैसर्गिक पुरासाठी नियमाप्रमाणे निर्दोष बांधलेला असला, तरी या लोंढ्यापुढे त्याचा निभाव लागत नाही. तो फुटला की त्याचे पाणी पहिल्यात मिसळते आणि तिसऱ्या तलावावर याहून मोठा लोंढा जातो. 19 नोव्हेंबर 2021 रोजी आंध्र प्रदेशातील चेय्येरू नदीवरचा अन्नमय्या प्रकल्प वाहून गेला, तेव्हा वरच्या पिंचा प्रकल्पाचा बांध आधीच फुटलेला होता. चीनच्या हनान प्रांतात ऑगस्ट 1975 मध्ये एका चक्रीवादळाच्या पावसाने बानछियाओसह 62 धरणे गेली, आणि त्यांतील बहुसंख्य लहान होती. लिबियातील देर्ना शहरावर सप्टेंबर 2023 मध्ये कोसळलेले संकटही एकाच कोरड्या नदीपात्रावरील दोन धरणांच्या फुटीतून आले. या सर्व ठिकाणी प्रत्येक धरणाचे स्वतंत्र मूल्यमापन कदाचित समाधानकारक ठरले असते, आणि तरीही खोऱ्याचे मूल्यमापन तसे ठरले नसते.

साखळीची एक दुसरी बाजूही आहे. जून-जुलैत तलाव रिकामे असताना वरचे तलाव पहिले पूर पोटात घेतात आणि खालच्या गावाला संरक्षण मिळते. वीस हेक्टर पृष्ठभागाच्या तलावात पाण्याची पातळी दीड मीटरने चढली तर तीन लाख घनमीटर पाणी थोपते. सप्टेंबरमध्ये सगळे तलाव काठोकाठ असताना हे संरक्षण बरेच कमी होते. म्हणून जोखीम हंगामाबरोबर बदलते आणि मूल्यमापन निदान दोन स्थितींत, रिकाम्या आणि भरलेल्या, करावे लागते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा: त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढायचे असतात, ते राहिले तर वाहून आलेली झाडे-झुडपे अडकून पाणी बंधाऱ्याला वळसा घालते आणि काठची जमीन खरवडून नेते. येथे उपाय वेळेवर बरगे काढण्याचा आहे, त्याला संगणकीय प्रतिमान लागत नाही.

परिणामांच्या अभ्यासात वेळ हा निर्णायक घटक आहे. तीव्र उताराच्या ओढ्यातून लोंढा सेकंदाला तीन मीटर वेगाने येत असेल तर धरणापासून दोन किलोमीटरवरच्या वाडीला तो अकरा मिनिटांत गाठतो. रात्री, पावसात, वीज गेलेली असताना अकरा मिनिटांत वाडी रिकामी होत नाही. म्हणून लहान धरणाखालच्या वस्तीसाठी फुटल्यानंतरची सूचना निरुपयोगी असते; सूचना पाण्याच्या पातळीवरून, फुटण्यापूर्वी निघाली पाहिजे. सांडव्यावर रंगवलेली एक मोजपट्टी, तिच्यावर ठरवलेली धोक्याची खूण, ती पाहायला नेमलेली दोन माणसे आणि वाडीने कोणत्या उंचावर जायचे याचा आधी झालेला निर्णय, एवढ्याने जेवढे जीव वाचू शकतात तेवढे महागड्या यंत्रणेने वाचतीलच असे नाही. महसूल मंडळनिहाय उभारलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांची पावसाची आकडेवारी याला जोडता आली तर बरेच काम पुढे सरकेल, मात्र डोंगराळ मंडळात एका टोकाला ढगफुटी आणि दुसऱ्या टोकाला रिमझिम असू शकते, हे विसरून चालणार नाही.

या सर्व कामातील सर्वांत मोठी अडचण अभियांत्रिकीची नसून मालकीची आणि नोंदींची आहे. एकाच नाल्यावरचा एक तलाव जलसंपदा विभागाचा, दुसरा मृद व जलसंधारण विभागाचा, तिसरा जिल्हा परिषदेचा आणि चौथा एखाद्या योजनेत झालेला व कोणाच्याच ताब्यात नसलेला, असे चित्र सर्रास दिसते. नकाशे, संकल्पन, सांडव्याची मूळ लांबी यांची कागदपत्रे वेगवेगळ्या कार्यालयांत असतात आणि काही तलावांची सापडतही नाहीत. नाशिक येथील धरण सुरक्षितता संघटनेचे काम मोठ्या धरणांच्या बाबतीत पद्धतशीर चालते. पण वर एखादा लहान तलाव फुटल्यास खालच्या तलावाचे काय होईल, हे पाहण्याची जबाबदारी यांपैकी कोणाचीच नाही. ही जबाबदारी खोऱ्यानिहाय एका यंत्रणेवर ठरवली जात नाही तोवर उत्तम गणितेही कागदावर राहतील. अशा यंत्रणेने सुरुवात गुंतागुंतीच्या प्रतिमानांनी करू नये. उपग्रहचित्रांवरून खोऱ्यातील प्रत्येक पाणीसाठा शोधणे, प्रत्येकावर जाऊन माथा, सांडवा आणि गळतीची पाहणी करणे, खालची घरे मोजणे, आणि मग ज्या दहा-पंधरा तलावांत शक्यता व नुकसान दोन्ही मोठे आहेत तेवढ्यांसाठीच सविस्तर फूट-विश्लेषण करणे, हा क्रम उपलब्ध मनुष्यबळात शक्य आहे. पाहणीच्या वेळी ग्रामस्थांना विचारणे हा शिष्टाचाराचा नव्हे तर माहितीचा भाग मानला जावा. कोणत्या वर्षी पाणी माथ्याला लागले होते, गळती कोठे आणि केव्हापासून आहे, हे ज्यांना ठाऊक असते ते धरणाखालीच राहतात. तिवऱ्याला ही माहिती गावाकडे होती.

धरण सुरक्षितता अधिनियम, 2021 हा 30 डिसेंबर 2021 पासून अमलात आला असून, 15 मीटरहून उंच धरणे आणि 10 ते 15 मीटर उंचीची, पण लांबी, साठवण, पूरविसर्ग इत्यादी ठरावीक अटींत बसणारी धरणे त्याच्या कक्षेत येतात. अशा विद्यमान धरणांचे पहिले सर्वंकष सुरक्षितता मूल्यमापन आणि आपत्कालीन कृती आराखडा पाच वर्षांत पूर्ण करणे धरणमालकावर बंधनकारक आहे. 10 मीटरहून कमी उंचीच्या तलावांसाठी या कायद्यात अशी कोणतीही मुदत घातलेली नाही.